मेहरुनबीचं हसू

तासगावच्या आसपासच्या गावांत मेहरुनबीच्या तोंडाला कुणी लागत नसे. बांगड्या भरताना ती नव्या नवरीची अशी टर उडवायची की पोरगी हसण्याच्या नादात हाताचं दुखणं विसरायची, आणि तेवढ्यात बांगडी चढलेली असायची. धंद्याची सगळी खुबी त्या हसण्यात होती.

तेच तोंड एका सकाळी वाकडं झालं. चूळ भरली तर पाणी डाव्या ओठातून गळालं, डोळा मिटेना. "वारं गेलं," गाव म्हणालं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या झाल्या, तरी गाल पडलेलाच राहिला. औषध सांगायला सगळे पुढं, बांगड्यांसाठी हात पुढं करायला मात्र कुणी नाही. पोटुशी बायका तर तिला बघून पदर आडवा धरत. वाकडं तोंड बघितलं की पोर वाकडं निपजतं, ही अक्कल त्यांना कुणी शिकवली देव जाणे!

तेही तिनं सोसलं असतं. पण पायलला दिवस गेले होते. शेजारच्या रंगुबाईंची ही लेक. तिचा लग्नाचा चुडा मेहरुनबीनंच भरलेला. आता सातव्या महिन्यातल्या हिरव्या बांगड्या दुसऱ्या कुणी भरल्या असत्या, तर मेहरुनबीला ते मरणासारखं झालं असतं.

मुलगा अमीर तिला सांगलीला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे घेऊन गेला. मॅडमनी गालावर पेनासारखी कांडी टेकवून बारीक करंट दिला. मेलेला गाल हलला, आणि मेहरुनबीला रडू फुटलं. घरी वापरायला छोटं मशीन मिळालं. "गाल नुसता हलला पाहिजे, मावशी," मॅडमनी बजावलं. "बटण वाढवायचं नाही. नस तिच्या वेळेनं भरून येते."

बांगडी जोरानं रेटली की फुटते, हे जन्मभर हात भरलेल्या बाईला कुणी सांगायला हवं? पण स्वतःचं तोंड आलं आणि शहाणपण गेलं. पायलचा सातवा जवळ येत होता. मेहरुनबी बटण वाढवत गेली. गाल, पापणी, ओठ एकदमच आवळून यायचे, कळ दातांत जायची.

"अम्मी, जाळून घेतीस व्हय तोंड?" अमीर ओरडला.

"गप रं. दुखतंय म्हंजी लागू पडतंय."

गाल वर आला खरा. रंगुबाई निरखून गेल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं गं बाई. बांगड्या भराय तूच ये." मॅडमनी मात्र तिला हसून दाखवायला लावलं. "हसलात की डोळा मिटतोय, मावशी. नसेचे धागे चुकीच्या जागी जुळलेत. जास्त करंटनं झालं, का एरवीही झालं असतं, ते सांगता येत नाही. पण आता हे पूर्ण जाणं अवघड."

मग हसायचंच नाही, असं मेहरुनबीनं ठरवलं.

सातव्याच्या दिवशी रंगुबाईंकडे बायका जमल्या. पायलचा पहिला हात तिनं मुकाट्यानं भरला.

"मावशी, आज तोंड शिवलंय व्हय?" पायल म्हणाली. "दुखतंय की मला. उडवा टर." आणि पोरीनं स्वतःच गाल फुगवून सासूची नक्कल केली. मेहरुनबीला हसू आवरलं नाही. कितीतरी महिन्यांनी ती मनापासून हसली. गाल गोळा झाला, डोळा गच्च मिटला, ओठ वर ओढला गेला.

पायलनं हात हिसकून पोटावर ठेवला. रंगुबाई मध्ये आल्या. "मेहरुन, तू भाईर बस. दुसरा हात मी भरती."

ती पडवीत जाऊन बसली. राग यायला हवा होता. आली ती लाज. आत काच फुटली, पायल कळवळली. पुन्हा एक फुटली. अपशकुनाच्या भीतीनं बायकांची कुजबुज सुरू झाली. शेवटी रंगुबाई दारात आल्या. "ये बाई आत. पर तेवढा पदर घे तोंडावर."

मेहरुनबीनं हनुवटीपर्यंत पदर ओढला आणि नुसत्या बोटांच्या अंदाजानं दुसरा हात भरला. एकही बांगडी फुटली नाही.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीच्या पाया पडायचं, ही रीत. पदराआड मेहरुनबी थांबून राहिली. पायल वाकली की नाही, तिला दिसलं नाही. पायांना मात्र कुणाचा हात लागला नाही.