आंब्यापाशी डावीकडे

कोस्टा रिकाच्या दक्षिण किनाऱ्यावर, जंगल आणि वाळू तुडवत कित्येक दिवस चालणारी धावण्याची शर्यत मेल्बामावशींच्या गावावरून जाते. पहिल्या वर्षी मावशी वेशीवर कलिंगडाच्या फोडी देत होत्या आणि वाटही सांगत होत्या, "पुढं आंब्यापाशी डावीकडे वळा."

गावचे धावपटू बरोबर वळले. परदेशी मात्र आंबा शोधत थेट खाडीत उतरले.

शर्यत भरवणारा एवेलियो हा मावशींचा भाचाच. तो तणतणत आला. "मावशी, तो आंबा मी शाळेत असताना पडला की."

"झाड पडलं म्हणून जागा कुठं गेली? अख्खा गाव अजून तसाच पत्ता सांगतो."

पुढच्या वर्षापासून एवेलियोनं त्या जागेवर मावशींनाच खुर्ची टाकून दिली. तिथं बसून त्या दरवर्षी प्रत्येकाला हाताने वळवत, रेंगाळणाऱ्याला टोमणेही मारत.

यंदा गुडघे अडून बसले, म्हणून मावशी घराच्या ओट्यावरच होत्या. समोरून धावपटू निघाले होते आणि एवेलियो त्यांना ओरडून सांगत होता, "सरळ जा, मेल्बामावशी बसायच्या तिथं डावीकडे."

मावशींनी कॉफीचा घोट घेतला.

"घ्या," त्या खुशीत पुटपुटल्या, "माझा आंबा झाला."