पाठ केलेली उत्तरं

गेल्या शनिवारी सकाळी नेपरव्हिलच्या आइस रिंकवर माझी चांगलीच जिरली. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही, आज लिहिते.

माझी लेक ईरा, वय बारा, आइस हॉकी खेळते. तिचे कोच टॉड एकेकाळचे प्रोफेशनल डिफेन्समन. म्हणजे आपल्या गोलकडे येणाऱ्याला धडकून आडवं करणं हीच नोकरी! नेटवर त्यांचे व्हिडिओ आहेत... धडका, मारामाऱ्या, बर्फावर रक्त. आणि हा माणूस मुलींशी इतकं गोड बोलतो, की मला पहिल्या दिवसापासून काहीतरी गडबड वाटत होती.

मी मूळची नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. नीट चाललेल्या गोष्टीत खोट शोधण्याचाच मला पगार मिळतो. त्यात टीममध्ये टॉडची पुतणी, ईराच्याच जागेवर खेळणारी. कुणाला किती वेळ बर्फावर पाठवतात यावर माझी बारीक नजर असायची. नवरा म्हणायचा, "अगं, कोच आहे तो, चोर नाही."

शनिवारी मोठ्या टीमचे लोक मुली निवडायला आले होते. ईराची वर्षभराची मेहनत या एका मॅचसाठी होती. दुसऱ्या पिरियडमध्ये ती घसरली आणि तिचं डोकं कडेच्या भिंतीवर आपटलं. हेल्मेट होतं, लगेच उठलीही. पण टॉडनी तिला बाहेर बोलावलं. मी धावत बेंचपाशी गेले.

डोक्याला मार लागला की इथे ठरलेले प्रश्न विचारतात. महिने उलटे म्हण, ठरलेल्या यादीतले पाच शब्द ऐकून परत सांग... आता परीक्षा म्हटली की आपल्याकडे तयारी आलीच ना! सिझनच्या सुरुवातीलाच मी ते सगळं गाडीत तिच्याकडून घोटून घेतलं होतं. उगाच एखादा शब्द विसरली म्हणून कुणी तिला बाहेर बसवायला नको.

टॉडनी तेच प्रश्न विचारले, ईराने धडाधड उत्तरं दिली. मला तर अभिमानच वाटला. आणि टॉडनी पाठवलं कुणाला? पुतणीला!

माझं डोकंच सटकलं. "शी इज फाइन! सगळं बरोबर सांगितलं ना तिने!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. शांतपणे ईराला विचारलं, आज तुला इथे कुणी ड्राइव्ह करून आणलं?

"बाबा," ईरा म्हणाली.

तिचे बाबा दहा दिवसांपासून पुण्यात आहेत.

आता टॉड माझ्याकडे बघत होते. खरं सांगते, क्षणभर मी हो म्हणणार होते... निवडणारी माणसं समोरच बसली होती. मग मी ईराचे डोळे बघितले. ती माझ्याकडे बघत होती, पण नजर ठरत नव्हती. "नाही," मी म्हटलं, "मी आणलं."

हॉस्पिटलला निघताना टॉड ईराची बॅग घेऊन गाडीपर्यंत आले. तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. म्हणाले, "फार पटापट बोलली ती. मीपण असाच बोलायचो." अख्ख्या करिअरभर उत्तरं पाठ करून ते पुन्हा पुन्हा बर्फावर उतरले. दुसरं काही कुणी विचारलंच नाही. आता शेवटच्या दोन सिझनचं त्यांना फारसं आठवत नाही, बायको सांगते तेवढंच. त्याच काळात त्यांची मुलगी जन्मली होती.

मेंदूला मार आहेच, पण आराम केला तर पूर्ण बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी पुन्हा डोकं आपटलं असतं तर काय झालं असतं, तेही त्यांनी सांगितलं. ते मला इथे लिहवत नाही.

ईरा माझ्यावर चिडली आहे, दारं आपटते आहे. आपटू दे. वर्षभर मी त्या माणसावर संशय घेतला. त्यांनी एकदाच घेतला, मी पढवलेल्या उत्तरांवर... आणि माझी मुलगी आज घरात आहे. थँक यू, कोच.