आधी पाणी प्यायला, मग गोळी घातली

"मला नुसतं आभाळ दिसतंय," मैत्रीण म्हणाली.

"माऊस खाली ओढ."

"आता पाय दिसतायत. अगं बये, हे पुरुषाचे पाय आहेत!"

"असू देत. हा खेळ आपल्याला विचारत नाही. मला बघ, मी टकला आहे."

रविवारची दुपार. वर्तकनगरातल्या आमच्या घरात मी मुलाच्या मोठ्या कॉम्प्युटरसमोर कोपऱ्यात, आणि ती त्याचा जुना लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी. एकमेकींकडे पाठ करून आम्ही खेळातल्या बेटावर एकमेकींना शोधत होतो.

खेळ असा, की समुद्रकिनाऱ्यावर उघड्या अंगाने जाग येते आणि हातात एक दगड असतो. भूक लागते, तहान लागते, थंडी वाजते, अस्वल मागे लागतं. बेटावरची बाकीची माणसं खरी असतात, म्हणजे कुठल्या कुठल्या गावी आपापल्या घरात बसून खेळणारी, आणि त्यातली बहुतेक आपल्याला मारायला टपलेली. जिंकणं वगैरे भानगड नाही. जगायचं, एवढंच. पन्नाशी उलटलेल्या दोन बायकांनी हे कशासाठी करावं, असं आमच्या ह्यांनी विचारलं होतं. ते विचारून झाल्यावर रिमोट घेऊन आतल्या खोलीत गेले होते.

"आता काय करू?"

"दगडाने झाड तोड."

"दगडाने? कुऱ्हाड नाही?"

"कुऱ्हाड करायला लाकूड लागतं. ते झाड तोडल्यावर मिळतं."

तिने खुर्ची वळवली आणि माझ्याकडे बघितलं. खऱ्या माझ्याकडे. "हे कोणी ठरवलं?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या खेळातलं जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. मुलगा नोकरीला हैदराबादला गेला, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून घेतलेला त्याचा कॉम्प्युटर इथेच राहिला. अधूनमधून तो तिकडून बोलवायचा, "आई, ये गं बेटावर." मी गेले, की "तू नुसती माझ्या मागे उभी राहा, कशाला हात लावू नकोस," म्हणायचा. माझं शिक्षण ते एवढं. त्या जोरावर मी शिकवणी काढली होती.

कारण होतं. ते मी तिला सांगितलं नव्हतं. "आपल्या वयात मेंदूला चालना मिळते," असं काहीतरी सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "माझ्या मेंदूला दिव्यात पाणी भरताना भरपूर चालना मिळते."

आम्ही दोघींनी ठाण्यातल्या एका कचेरीत शेजारच्या टेबलांवर आयुष्य काढलं. डबा एकत्र. ती लोकलने दिव्याहून यायची, येताना मेथीची नाहीतर मटाराची पिशवी आणायची, आणि डबा खाऊन झाला की उरलेल्या वेळात आम्ही भाजी निवडायचो. बोलणं व्हायचं ते तेव्हा. तिची सासू, तिच्या बहिणीचं लग्न मोडलं ते, माझं ऑपरेशन, सगळं मटाराच्या सालांसकट. हाताला काम असल्याशिवाय तिच्या तोंडातून शब्द फुटत नाही. नुसतं समोर बसवा, ती पदराचं टोक बघत बसेल.

आणि फोन? फोन तिच्या मते निरोपाचं यंत्र. "हॅलो. हो. बरी आहे. ठेवू का?" संपलं. एकदा तिच्या घरी मुलीला बघायला आले, पसंती झाली, ती बातमीसुद्धा मला फोनवर चार शब्दांत मिळाली आणि पाचवा-सहावा शब्द "ठेवू का" होता.

तर यंदा तिचे यजमान निवृत्त झाले आणि दिव्याची जागा सोडून संगमेश्वरकडच्या गावी कायमचं जायचं ठरलं. हिनेही नोकरी सोडली. दिवाळी झाली की सामान जाणार. मला माझी उरलेली वर्षं दिसली: दुपारचा डबा, समोर भिंत, आणि रविवारी फोनवर "ठेवू का". मग मला बेट आठवलं. तिथे झाडं तोडायची असतात, दगड गोळा करायचे असतात, पाला वेचायचा असतो. तासन्‌तास. म्हणजे मेथी निवडणंच, फक्त अस्वलासकट.

जायच्या आत तिला त्याची गोडी लागायला हवी होती. लागली नाही तर मैत्रीण गेलीच, हे मला स्वच्छ कळत होतं. बाकी खेळातलं काही कळत नव्हतं.

लॅपटॉप ती दिव्याला घेऊन गेली. तो इतका जुना, की मुलाने सगळी चित्रं साधी करून दिली होती. तिला झाडं कणकेच्या गोळ्यांसारखी दिसायची. पुढच्या रविवारी कानाला हेडफोन लावून मी बेटावर तिची वाट बघत उभी. ती आली, आणि थोड्या वेळाने बसली.

"काय गं?"

"लाल पट्टी दिसतेय. जीव कमी होतोय माझा."

"भूक लागली तुला. मी डुकराचं मांस भाजलंय, ते घे."

"आज संकष्टी आहे."

"तुला आहे. खेळातल्याला कुठे?"

"मी आहे ना त्याच्यात? दुसरं काय आहे?"

मी पिशवी उघडून बघितली. "मका आहे."

"मका चालत नाही."

शेवटी मी नदीकाठी धावत जाऊन भोपळा आणला. लाल भोपळा त्यांच्याकडे उपासाला चालतो. परत येईपर्यंत ती भुकेने मेली होती. ती मेल्यावर बेटाच्या भलत्याच टोकाला उठली आणि तिथून मला विचारत राहिली, "मी कुठाय?" मी कुठे आहे हेच मला सांगता येत नव्हतं, तर ती कुठे आहे हे काय सांगणार. दोघी ओरडत होतो. आमचे हे चहा घेऊन आले आणि विचारलं, "आज कोण गेलं?" हा प्रश्न पुढे आमच्या घरात रविवारचा झाला.

एवढं होऊनही आम्ही लाकडाची एक खोली बांधली. दार लागलं. आता हत्यारं करायची, भिंती दगडाच्या करायच्या, असं मी मुलाचं ऐकून जाहीर केलं. पण मैत्रीण दिसेना. बघते तर नदीवर. मातीची मडकी करायला ती कधी शिकली मला माहीत नाही. मडकं भरायचं, खोलीत आणून ठेवायचं, परत जायचं.

"अगं, नदी समोर आहे. पाणी कुठे जात नाही."

"दिव्यात पण असंच सांगतात. पाणी येणारे. भरून ठेवलेलं बरं."

खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. भाला एक, मडकीच मडकी. मला हसू येत होतं आणि धास्तीही वाटत होती, कारण काम चाललं होतं तरी ती बोलत नव्हती. नुसती मडकी मोजल्यासारखी कुजबुज. अजून सवय नाही, मी स्वतःला सांगत होते.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दाराबाहेर कोणीतरी आलं. फटीतून बघितलं तर अंगावर पत्र्याचं चिलखत, पाठीला बंदूक, आणि तो गडी उठाबशा काढतोय.

"कसली शिक्षा झालीय याला?" मैत्रीण म्हणाली.

"काय माहीत. थांब, मी मुलाला विचारते."

मी फोन उचलला. मुलाने सांगितलं, "आई, त्या खेळात बोलायचं नसेल तर असं करतात. म्हणजे मी मित्र आहे." मी ते तिला सांगितलं, आणि पुढचं वाक्य, "पण दार उघडू नकोस," ते सांगायच्या आत दार उघडण्याचा आवाज आला.

"आलाय तर पाण्याला तरी विचारायला नको?" ती म्हणत होती. "लांबून आलाय."

तो आत आला. तिने मडकं त्याच्यापुढे ठेवलं. तो प्यायला. दुसरं ठेवलं, तेही प्यायला. मग त्याने आम्हा दोघींना गोळ्या घातल्या.

पडदा काळा झाला. मग ती म्हणाली, "आधी पाणी प्यायला गं."

"हो."

"मारायचंच होतं तर आधी मारायचं. पाणी पिऊन?"

मुलाला परत विचारलं, उठाबशा म्हणजे मैत्री ना, मग हे काय? तो म्हणाला, "तसं नक्की काही नसतं, आई." मला वाटतं त्या बेटाबद्दल एवढं एकच खरं वाक्य मी ऐकलं.

मुलाने फोनवर सांगितलं होतं म्हणून मी खोलीत दोघींची अंथरुणं घातलेली होती. त्यामुळे आम्ही तिथेच परत उठलो, उघड्या. खोलीत भाला नव्हता, लाकूड नव्हतं. फुटकी मडकी तेवढी होती.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"अगं, हे होतंच. आपण परत बांधू."

"दिव्यातलं घर बांधून झालंय. आता गावचं. हे तिसरं कशाला? तू फोन कर ना मला."

"फोनवर तू बोलत नाहीस."

तेवढ्यात तिच्याकडे मागून कोणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" आणि ती गेली. खरे हंडे भरायला.

या खेळात बाहेर पडलं तरी माणूस नाहीसा होत नाही. जिथे असेल तिथे आडवा होऊन झोपतो. ती अंथरुणावर आडवी झाली. मी दार लावून घेतलं.

सामान गेलं त्या दिवशी मी दिव्याला गेले होते. जिन्यात पिंपं ओळीने रिकामी करून ठेवली होती, ती शेजारणींना वाटली. तिने मला मसाल्याची बरणी दिली. लॅपटॉप परत मागावा की नाही कळेना. तिने दिला नाही, मी मागितला नाही. टेम्पोत बसताना म्हणाली, "पोचले की फोन करते." केला. "पोचलो. बरं आहे. ठेवू का?"

मग रविवारी मी बेटावर जायची. करायला काही नसायचं. मुलगा आता दुसरा कुठलातरी खेळ खेळत होता. आमच्या खोलीत जायचं, ती झोपलेली बघायची, थोडी लाकडं तोडून भिंत नीट करायची, दार लावून परत. झोपलेल्या माणसावर तिथे पांघरूणही घालता येत नाही, मी प्रयत्न करून बघितला. आमचे हे म्हणाले, "तू समाधीवर दिवा लावायला गेल्यासारखी जातेस." मी त्यांना चहाचा कप परत दिला. भरलेला.

एका रविवारी गेले तर अंथरूण रिकामं.

आधी वाटलं, मारलं कोणीतरी. मग वाटलं दार तर लागलेलं आहे. मग खाली बघितलं. भिंतीला लागून मडकी. नवीन, काठोकाठ भरलेली. मी खोलीत गोल गोल फिरले, बाहेर आले, नदीकडे जायच्या ऐवजी घाईत उलट्या दिशेने गेले, परत आले. नदीवर सहा फूट उंच, उघडा, खांद्यावर मडकं घेतलेला माणूस उभा होता.

"किती उशीर गं तुला," ती म्हणाली. "मी मघापासून आलेली आहे."

"तू? तिथे नेट आहे?"

"गोठ्याच्या पायरीवर येतं. गाय बघतेय माझ्याकडे."

"पण तुला तर नको होतं हे."

"नको आहेच. काही कळत नाही मला याच्यातलं." तिने मडकं बुडवलं. "अगं, इथं डोंगरातून पाइप आणलाय झऱ्याचा. त्याला बंद करायला चावीच नाही. अंगणात दिवसरात्र पाणी पडतंय नुसतं. भरायचंच नाही काही. पहाटे जाग येते, उठून बसते, आणि काय करायचं कळत नाही."

मी एक झाड निवडलं आणि दगडाने तोडायला घेतलं. तिच्याकडे बघायचं नाही, एवढं मला बावीस-तेवीस वर्षांच्या मटारांनी शिकवलेलं.

ती बोलत राहिली. जाऊ चांगली आहे, पण स्वयंपाकघर जावेचं आहे. तिचे यजमान सकाळी बाहेर पडतात, पारावर बसतात, ते खूश आहेत. गावी जायचं तर सगळ्यांनी ठरवलं, तिला कोणी विचारलं असं तिला आठवत नाही, आणि तिनेही नाही म्हटल्याचं आठवत नाही. रात्री इतकं शांत असतं की कान दुखतात. मी "हं" म्हणत होते. मध्येच आवाज तुटायचा आणि तिचा माणूस एका पायावर उभा राहून थरथरायचा, मग परत चालायला लागायचा. काही वाक्यांचं टोकच मला मिळालं नाही. मी विचारलं नाही. मेथी निवडतानाही काही पानं खाली पडायचीच.

त्यावर काय उपाय ते मला सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. लाकडं मात्र खूप झाली.

खोलीत परत आलो. मी हत्यार करायला बसले, ती मडकी लावायला. एकदम थांबली.

"बाहेर कोणीतरी आहे."

मी फटीतून बघितलं. बंदूक होती. उठाबशा चालल्या होत्या. तोच की दुसरा, कसं ओळखायचं? सगळे टकले.

"उघडू नकोस," मी म्हणाले. "आपण गप्प बसू. जाईल तो."

"हो," ती म्हणाली. दोन मडकी सरळ लावली. मग म्हणाली, "पण पाण्याला तरी..."

"अगं, मागच्या वेळी काय झालं?"

"ते त्याचं त्याच्याकडे," ती म्हणाली, आणि एक भरलेलं मडकं उचललं. "तू जरा मागे उभी राहा. कशाला हात लावू नकोस."

मी मागे उभी राहिले. आतल्या खोलीतून हे विचारत होते, आज कोण गेलं. दार उघडल्याचा आवाज आला.