पावणं आणि माझी बिनपुंगळीची गाडी

गाडीच्या आवाजावर पळत येणारं जनावर तयार करावं तर मीच, आख्ख्या कोल्हापुरात दुसरा गडी न्हाय. आता ते जनावर म्हंजी ससा, आन् पळत यायचं ते मोरीपास्नं उंबऱ्यापतूर.

आमच्या गल्लीत गवळ्यांची घरं जास्त. दिवाळीच्या पाडव्याला ही माणसं म्हशी धुत्यात, शिंगं रंगवत्यात, मोरपिसं बांधून त्यास्नी रस्त्यावर आणत्यात. मालक पुढं मोटारसायकल काढतो. गाडीची पुंगळी, म्हंजी सायलेन्सर, आधीच उतरवून ठेवलेली असती, त्यामुळं आवाज असा फुटतो की घरातली भांडी हालत्यात. त्या आवाजावर म्हैस मालकाच्या मागनं धावती, लेकरू आईमागं धावतंय तशी. शंभर गाड्या ओरडू देत, ती जाणार आपल्याच मालकाच्या मागं. ज्याची म्हैस चांगली पळती, त्यो वरीसभर मान ताठ करून फिरतो. माझ्याकडं म्हैस न्हाय. मी शिरोलीला फौंड्रीत साचं भरतो. पर मान मला बी हाय की, ती कशावर तरी ताठ करायला पायजेच.

ससा आला त्यो मी आणला म्हणून न्हवं. माझी पोरगी तवा शाळंत हुती. तिची मैत्रीण गावाला चाललीती, दोन दिवस संभाळ म्हणून देऊन गेली. परत आली तवा तिच्या आईनं सांगितलं, आता ह्यो आमच्या घरात नगं. दोन दिवसांसाठी आलेला म्हणून आमी त्याला पावणं म्हणत हुतो, तेच नाव ऱ्हायलं. आन् पावणं पण असं की उठायचं नावच घेईना.

पहिल्याच दिवशी शेजारच्या गवळ्यानं दारातनं इचारलं, तांबडा का पांढरा? मी म्हटलं, पांढराच हाय, एक कान तेवढा करडा. गल्ली हसाया लागली. मी बी हसलो. घरात आल्यावर बायकोनं सांगितलं की त्यो रश्शाचं इचारत हुता.

मग मी गाडीची पुंगळी काढली. फौंड्रीतनं आलो की दारात उभं ऱ्हाऊन दोनदा रेस करायचो. हँडलला कोथमिरीची पेंडी असायची. पहिलं काही दिवस काय झालं न्हाय. मग एकदा रेस केली आन् आतनं पावणं टुणटुण करत उंबऱ्यावर. त्या दिवशी मी चहाच्या गाड्यावर दहा माणसांस्नी सांगितलं. पुढं रोजच सांगू लागलो. फौंड्रीतला माणूस, माझा आवाज तसा बी मोठा, त्यामुळं ज्यास्नी ऐकायचं न्हवतं त्यांनी बी ऐकलं. बायको दारातनं नुसती बघायची, कधी काय बोलली न्हाय. मला वाटलं, गप बसली म्हंजी पटलंय.

पोरगी मोठी झाली, लगीन झालं, वारणानगरला नांदाय गेली. पावण्याला तिकडं न्यायचं ठरलंतं, पर जावयाच्या घरात मांजर. मग पावणं ऱ्हायलं आमच्याकडंच. रोज सांजचं पोरगी व्हिडिओ लावायची. आमास्नी दोन शब्द, आन् मग मोबाईल पावण्याच्या तोंडासमोर. मोबाईल धरून माझा हात अवघडायचा.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता पावणं बसून ऱ्हायला लागलं. मागचं पाय ढिलं पडलं. दारात रेस केली तरी येईना. मी आणखी जोरात केली. समोरच्या म्हातारीनं खिडकी लावून घेतली, पर पावणं आपलं पोत्यावर. हातानं कोथमीर धरली तर एक पान घ्यायचं, चघळत बसायचं.

पोरीला कळलं तवा ती फोनवर रडली न्हाय, पर आवाज बारीक झाला. म्हणाली, "पप्पा, पाडव्याला मी येतो. तवर त्याला जपा. मी यायच्या आधी जाऊ दे नगा."

मी म्हटलं, काळजी करू नगस, मी हाय की. जसा काय यमाचा रेडा आमच्याच गल्लीतल्या गोठ्यात बांधलेला आन् त्याचं दावं माझ्या हातात.

दुसऱ्या दिवशी पावण्याला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं रांगेत दोन शेरडं, एक कुत्रं आन् एक रेडकू. डॉक्टरनं दात बघितलं, पोट दाबून बघितलं, टॉर्च लावून कान बघितलं. म्हणाले, रोग असा काय न्हाय, दुखत बी न्हाय, वय झालंय. मऊ खाऊ घाला, उबंत ठेवा. पाडव्यापतूर ऱ्हाईल का म्हणून इचारलं, तर म्हणाले ते मला न्हाय सांगता यायचं.

मला वाटलं, जनावर साधंसुधं न्हाय हे डॉक्टरला कळाय पायजे. मी गाडीची गोष्ट सांगितली. डॉक्टरनं परत टॉर्च लावली आन् माझ्याकडं बघितलं.

"मामा, ह्याचं दोन्ही कान आतनं बंद हायत. लहानपणीच पिकलं असतील. ह्याच्या शेजारी सुतळी बाँब लावला तरी ऐकू जायचं न्हाय."

"मग यायचा कसा हो?"

"गाडीला काय लावून आणत हुता?"

मी कोथमीर म्हटलं आन् मागचं शेरडंवालं हसलं. येताना गाडी मी इतकी हळू चालवली की सायकलवाला म्होरं गेला. घरात एवढंच सांगितलं की वय झालंय.

त्या दिवसापास्नं बायकोनं पावण्याचा ताबा घेतला. ह्या बाईनं त्याला कधी सैपाकघरात येऊ दिलं न्हवतं. आता चुलीशेजारीच पोतं टाकलं. तांबडा भोपळा शिजवून, कुस्करून चारायची. ट्रंकेतनं पोरीचं लहानपणीचं बोंडलं काढलं आन् त्यानं पाणी पाजाय लागली. पावणं मांडीवर, मान बायकोच्या कोपरावर. मी एकदा बोंडलं धरून बघितलं, तर सगळं पाणी माझ्या लुंगीवर. त्यानंतर मला फकस्त भोपळा आणायचं काम दिलं.

रोज सकाळी उठलं की आदी मी पोत्याकडं बघायचो. पोट हलतंय का. हललं की चहा गोड लागायचा.

पाडव्याच्या सकाळी पोरगी आन् जावई आलं. पोरीनं चपला बी काढल्या न्हाईत, तशीच चुलीपाशी गेली. पावण्यानं तिच्या हाताचा वास घेतला, नाक जरा भराभरा हाललं, आन् मग तिच्या तळहातावर हनुवटी टाकली. मी बाहेर जाऊन गाडी पुसाय लागलो. गाडी पुसलेलीच हुती.

दुपारनंतर म्हशी निघाल्या. पोरगी पावण्याला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. मी त्याच्या कपाळाला गुलाल लावला आन् करड्या कानाला मोरपीस बांधलं. गल्लीत गाड्यांनी असा दणका उडवला की कुत्री पळाली, बारकी पोरं कानात बोटं घालून उभी. एक रेडकू बिथरून उलटं फिरलं. पावणं मात्र डुलक्या घेत हुतं.

तांबडा का पांढरा इचारणारा त्योच गवळी थांबला. म्हणाला, "काय छाती म्हणायची ह्या पावण्याची. माझी म्हैस बिचकली, ह्यो हालंना."

मी म्हटलं, आपल्या गाडीवर तयार झालेला गडी हाय. सवय जाती व्हय कुठं.

म्हशी गेल्या, धुरळा खाली बसला. पोरीनं कोथमिरीचं पान पुढं धरलं. पावण्यानं ते खाल्लं. दुसरं पान अर्धं ओठात ऱ्हायलं, आन् तसंच झोपल्यागत गेलं. पोरीनं बराच वेळ त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. मग म्हणाली, "थांबला माझ्यासाठी." डोळं पुसलं, आन् मोरपीस सोडून घेतलं.

परड्यात कडीपत्त्याच्या बुडाला खड्डा काढायचं काम मी घेतलं. गवळ्यानं येऊन खोरं माझ्या हातातनं काढून घेतलं, म्हणाला, ससा पुरायचाय का रेडा. अर्धा खड्डा परत मातीनं भरला. आमच्यात गावाला निघालेल्याच्या हातावर दही देत्यात. बायकोनं वाटीतनं दही आणलं, करंगळीनं पावण्याच्या पुढच्या पायाला लावलं आन् म्हणाली, "या पावणं." निघालेल्याला 'जावा' असं कोण म्हणत न्हाय आमच्यात.

सांजचं फराळाला बसलो. पोरीनं चकली चहात बुडवून खाल्ली, लहानपणी खायची तशी. गवळी बी बसला हुता. सगळं पोटभर झाल्यावर मी डॉक्टरनं सांगितलेलं सांगून टाकलं. कानाचं. कोथमिरीचं. गवळी चकलीसकट ठसकला, जावई भिंतीकडं तोंड करून हसला. मी म्हटलं, रोज त्याच्यापाशी बसून फौंड्रीतलं सगळं सांगायचो, मुकादमाचं, माझ्या पराक्रमाचं. त्यानं एक शब्द ऐकलेला न्हाय.

बायको म्हणाली, "मला पहिल्या वर्सापास्नं ठावं हाय. पाठीमागं परात पडली तरी कान हालवायचा न्हाय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

तिनं माझ्या पुढची ताटली उचलली.

"कशाला सांगायचं? ऐकू येत न्हवतं म्हणून तर एवढी वर्सं तुमच्यासंगं सुखानं काढली त्यानं. ऐकू आलं असतं तर तिसऱ्या दिवशीच उठून गेला असता."