बाबांचे शेअर्स

लंडनमधल्या हॅरोतल्या घरात आज हिवाळ्यासाठी पहिल्यांदा हीटिंग लावलं. रेडिएटरवरच्या धुळीचा करपट वास आला आणि बाबा गेल्यानंतरची, असाच वास आलेली ती दुपार आठवली.

बाबांची भाड्याच्या घरांची छोटी कंपनी होती. मताचा हक्क असलेल्या शेअर्सपैकी निम्म्याहून थोडे कमी त्यांच्याकडे होते, उरलेले आईकडे आणि माझ्याकडे. बाबांनी मृत्युपत्रात त्यांचे शेअर्स माझ्या नावे केले होते. त्यांवरच्या इनहेरिटन्स टॅक्ससाठी, म्हणजे वारशावरच्या करासाठी, किंमत ठरवायला अकाउंटंट आला होता. मला काहीच वाटत नव्हतं. तो बोलायचा आणि मी आईला मराठीत सांगायचे.

“नुसत्या बाबांच्या शेअर्सना किंमत कमी, कारण त्यांच्या एकट्याच्या मताने काही ठरत नव्हतं. पण कायदा नवरा-बायकोचे शेअर्स एकत्र धरतो. मग कंपनी तुमच्या दोघांच्या हातात येते, म्हणून किंमत वाढते.”

“पण आम्ही एकत्र नव्हतो ना,” आई म्हणाली.

खरंच होतं ते. बाबांना सगळं विकून पुण्याला परतायचं होतं. मला इथे एकटीला सोडायचं नाही म्हणून आईने विरोधात मत दिलं होतं. मीही.

मी हे अकाउंटंटला सांगितलं. “त्याने काही फरक पडत नाही,” तो शांतपणे म्हणाला.

मी तेही आईला सांगितलं. मग आई म्हणाली, “तेव्हा मी ह्यांच्या बाजूने मत दिलं असतं, तर हे पुण्यात गेले असते?”

तेव्हा मला तो शेअर्सचाच प्रश्न वाटला. “हो,” मी म्हणाले, आणि पुढचं ऐकायला अकाउंटंटकडे वळले.