सहा पाऊणे साडेचार

शुक्रवार, २३ जानेवारी. खुबे, म्हणजे खाडीतले शिंपले, मिठाच्या पाण्यात टाकले आहेत. वाळू सोडायला त्यांना दोन तास लागतात, तेवढ्यात उद्याचं भाषण लिहायचं आहे. जासईच्या पुढे, खाडीकाठच्या आमच्या गावात शाळेच्या नव्या खोलीला आईचं नाव देणार आहेत. ती तिथली शिक्षिका. गाव तिला बाई म्हणायचं. निवृत्तीनंतरही तिथेच राहिली आणि गेल्या पावसाळ्यात गेली.

मी गाव सोडलं बारावीनंतर, पनवेलच्या कॉलेजसाठी. साडेआठची एसटी होती. आई स्टॉपवर आली नाही. "डबा चुलीजवळ आहे. आज सुकती बाराला, शाळा सातला भरवलीय," एवढं सांगून ती पहाटेच निघून गेली. पनवेल म्हणजे काही दुबई नाही, पण अठराव्या वर्षी एकटीने पेटी उचलून निघणं मला बरीच वर्षं सलत होतं.

सुकती म्हणजे ओहोटी. त्या वेळी गावातल्या बायका खुबे वेचायला चिखलात उतरतात आणि तेव्हा मुलंही उतरायची. आईने शाळाच सुकतीप्रमाणे फिरवली, कधी सकाळी सातला, कधी दुपारी एकला. व्हरांड्यातल्या फळ्यावर ती फक्त तिथी लिहायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यातून सहा तास काढले की सुकती. पुढचा हिशोब मुलांनी करायचा. त्यामुळे आमच्या गावात पाऊणकीचा पाढा न येणारं पोर नव्हतं.

एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला दहाला आले, शाळेला कुलूप. मेमो आला, निर्धारित वेळ का पाळली नाही, खुलासा करा. आईने लिहिलं, "दहाच्या शाळेत हजर अकरा. सुकतीच्या शाळेत पट एकोणचाळीस, हजर एकोणचाळीस." ती शेवटपर्यंत मुख्याध्यापिका झाली नाही. वेळही बदलली नाही.

मी कामोठ्यात क्लासेस चालवते. बॅच सात ते आठ. सात वाजून पाच मिनिटांनी दार बंद, पालकांना मेसेज. आई एकदा आली होती, दाराबाहेरची तीन पोरं बघून म्हणाली, "ही कुठून आली ते विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं. हे गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही सांगते आहे. आपण घड्याळ शिकलो, एवढंच.

सकाळी गणेशचा फोन आला. हा आईचाच विद्यार्थी, आता कंटेनर यार्डात सुपरवायझर आणि कार्यक्रमाचा प्रमुख. "ताई, भाषणात मेमोचं नको. साहेब येणार आहेत, बरोबर दहाला."

दुपारी मासळीवाली हिरा गावाहून खुबे घेऊन आली. तीही आईच्या वर्गातली. टोपली उतरवत म्हणाली, "काय घडीवाली ताय, उद्या दहाला सुकती हाय ना. आमी चिखलात. मंग बायंचा काय सांगशील, खुर्च्यांना?"

मी गणेशला लगेच फोन केला. कार्यक्रम एकला ठेव म्हटलं.

"साहेबांना वेळ बदला कसं सांगू, ताई?"

"आईने सांगितलं तसं."

"त्या बाई होत्या."

फोन त्याने ठेवला. मी भाषणात मेमो आणि त्याचं उत्तर दोन्ही जसंच्या तसं उतरवलं. आईचा फोटो माझ्याकडे आहे, तो पिशवीत भरला. घर म्हणाल तर माझं कामोठ्यात आहे, सातव्या मजल्यावर, आणि मला तिथे काही कमी नाही. पण वेळ कोणाच्या सोयीने ठरते, हे ज्या गावात मला कळलं त्या गावाला मी दहाच्या ठोक्यावर उभं करणार नाही.

शनिवार, २४ जानेवारी. सकाळी आठला शाळेत पोचले. फोटो नव्या खोलीत लावला. व्हरांड्यातला जुना फळा पुसला आणि खडूने एकच शब्द लिहिला, षष्ठी. गणेश खुर्च्या मांडत होता. तो फळ्यासमोर येऊन थांबला. त्याचे ओठ हलले. सहा पाऊणे साडेचार. मग बोटांवर सहा तास मागे गेला, साडेदहावर.

त्याने खिशातून फोन काढला. "साहेब, एक वाजता या. हो, कार्यक्रम आहेच. शाळा एकला भरते आज."

मी चपला व्हरांड्यात काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टोपली घेऊन निघालेल्या हिराच्या मागे चिखलात उतरले.