भोंग्याच्या दोरीचा पीळ

मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढं तीस-बत्तीस वर्षं समुद्रावर काढली. शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अलीकडं आमचं घर. चारी बाजूंना भाताची खाचरं, समुद्र कुठंच नाय. तरी गावात मला अजून बोटवाला म्हणतात आणि मला ते आवडतं. खोटं कशाला सांगू.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कंपनीतून एक मुलगी आली. कंपनी आपला इतिहास छापणार आहे, जाड पुस्तक, फोटोंचं. छापायच्या आधीची पानं घेऊन ती जुन्या माणसांना गाठत होती, काही चुकलं असेल तर सांगा म्हणून. माझाही एक फोटो त्यात होता. डेकवर उभा, डोक्यावर केस, छाती पुढं. बायकोनं तो लांब धरून पाहिला.

"अवो, ह्यो कोन?"

"मी."

"मंग माजं लगीन कुनाशी लावलं व्हतं?"

मुलगी हसली. मी नाय हसलो.

"आजोबा, मी वाचून दाखवते," ती म्हणाली. म्हटलं, वाचता येतं मला, वेळ लागतो एवढंच. तिचा दोन वेळा चहा झाला. मी एकेक ओळ बोटाखालून नेत होतो. कंपनी दोन जुन्या जहाजांवर सुरू झाली, तीही दुसऱ्याची वापरलेली. किनाऱ्याकिनाऱ्यानं कोळसा आणि मीठ नेत. मग मोठी जहाजं घेतली, परदेशाची बंदरं लागली. हे सगळं बरोबर होतं. मी चढलो तेव्हा माल भरायच्या होल्डच्या तोंडावर लाकडाच्या फळ्या टाकून वरून ताडपत्री बांधायचे. पुढं लोखंडी झाकणं आली. त्याच्याही पुढं मोठे लोखंडी डबेच, म्हणजे कंटेनर, आले, आणि जिथं चाळीस माणसं लागत तिथं वीस पुरायला लागली. पुस्तकात त्याला 'आधुनिकीकरण' म्हटलंय. म्हणू देत.

मग एक पान आलं आणि बोट तिथंच थांबलं.

आमच्या एका मोठ्या जहाजावर तांदळाचा माल खराब झाला होता, त्याची गोष्ट होती. सारंगाच्या निष्काळजीपणामुळे माल भरताना पाऊस आत गेला, असं लिहिलं होतं. खाली सारंगाचं नाव, आडनावासकट. सारंग म्हणजे आम्हा डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आमचा सारंग रत्नागिरीकडचा होता. मी नवा होतो तेव्हा महिनाभर त्यानं मला समोर बसवून दोरीच्या गाठी शिकवल्या होत्या. माझा हात मात्र पुन्हा पुन्हा घरच्या वळणावर जायचा. भाताचा भारा बांधताना आम्ही बंधाची दोन टोकं पिळतो आणि पीळ खाली खुपसतो, गाठ मारतच नाय. सारंग ओरडायचा, "मेल्या, हे जहाज आहे, तुझा भारा नाय! सोड आणि परत बांध."

त्या फेरीला आम्ही थंड मुलखात तांदूळ भरला. गोण्यांना हात लावला की बोटं गारठायची. भरताना थोडी भुरभुर झाली हे खरं, पण सारंगानं ताडपत्री वेळेत ओढली होती. मी तिथंच होतो, ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात होतं. तिथून निघालो ते गरम मुलखाकडं. होल्डमध्ये हवा जायला डेकवर मोठे भोंगे होते, त्यांच्या तोंडांवर कापडी टोप्या बांधलेल्या. मोठ्या साहेबाचा हुकूम होता, मी सांगेपर्यंत टोप्या काढायच्या नायत.

आठ-दहा दिवसांनी चांगलं ऊन पडलं. अंग चिकचिकायला लागलं. माझ्या डोक्यात एकच, खाली एवढा दाणा कोंडलाय. आमच्याकडं कोंडलेला दाणा बुरसतो, हे शेतातल्या कुणालाही कळतं. साहेब शहरात वाढलेला, त्याला भातातलं काय कळणार? सकाळच्या पाळीला मी एकेक टोपी काढली आणि पाळी संपायच्या आत परत बांधली. तीन दिवस असं केलं. कुणाला सांगितलं नाय. मनातून खूश होतो की कंपनीचा माल मी वाचवला.

बंदरात होल्ड उघडला तेव्हा वरच्या थरातल्या गोण्या ओल्या, काळ्या पडलेल्या, वास मारणाऱ्या. भोंग्यांच्या टोप्या जागच्या जागी होत्या, म्हणून तिकडं कुणी बघितलंच नाय. पाणी खारट नव्हतं, म्हणजे पावसाचं, म्हणजे ताडपत्री उशिरा ओढली, म्हणजे सारंग. एवढ्यावर ठरलं. मी बोलायला गेलो असतो तर काय बोललो असतो? तेव्हा मलाही वाटलं, पाऊसच गेला असेल कुठून तरी. सारंगाला पुन्हा कंपनीनं जहाज दिलं नाय. तो गावी जाऊन मचव्यावर मासे मारायला लागला.

कळलं ते पुढं, दुसऱ्या जहाजावर. एक साहेब नव्या पोरांना शिकवत होता. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम येतो, तसं थंड मालावर गरम हवा सोडली की मालाला घाम येतो. मी डेक घासत होतो. हातातला ब्रश तसाच राहिला. तेव्हा बोलायला हवं होतं. पण तोवर मी पाच माणसांवरचा टंडेल झालो होतो, गावात घर बांधलं होतं, आणि भातातलं कळतं म्हणणाऱ्यानंच तांदूळ नासवला हे माझ्या तोंडातून निघेना.

आता ते पुस्तकात जाणार होतं. मी मुलीला म्हटलं, "हे चुकीचं आहे. माल मी खराब केला." आणि सगळं सांगितलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मुलीनं ते पान पुन्हा वाचलं. "आजोबा, मी 'सारंगाच्या' हा शब्द काढून टाकते. 'एका खलाशाच्या चुकीमुळे' असं घालू?"

"एका कशाला? त्याचं नाव आडनावासकट घातलंत ना? माझंही घाला. फोटोखालीच घाला."

"मंग फोटूच काढून टाकतील तुमचा," बायको म्हणाली.

"टाकू देत."

मुलीनं सांगितलं की सारंग अजून आहे, नव्वदीला आला आहे. हे पान दाखवायला नको वाटलं म्हणून ती त्याच्याकडं गेली नव्हती. नंबर होता तिच्याकडं. म्हटलं, लाव. त्याच्या सुनेनं फोन घेतला, मग त्याच्या कानाला लावला.

"सारंग, मी शहापूरवाला."

"कोन? भारेवाला?"

"तोच," मी म्हटलं. आणि सांगून टाकलं. भोंगे, टोप्या, तीन सकाळी, सगळं. तो मध्येच खोकला.

"माका म्हाईत हाय," तो म्हणाला. "बंदरात लागायच्या आदल्या दिवशी मी भोंगे बघितले. दोऱ्यांना गाठी नव्हत्या. पीळ देऊन खुपसलेल्या होत्या. जहाजावर असला बांधणारा एकच होता. मीच सोडून परत गाठी मारल्या."

"मग सांगितलं का नाय?"

"माझ्या माणसाची चूक मी साहेबाला दाखवली तर सारंग कशाला म्हणतील माका?"

मुलगी वहीत बघत होती. मी म्हटलं, पुस्तकात दुरुस्त करून घेतोय, माझं नाव घालून.

"कशाला रे? माजं काय ऱ्हायलंय आता. नको घालू."

"मी ऐकणार नाय."

"तू कधी ऐकलंस, मेल्या? ऐकलं असतंस तर भोंगे उघडले असतेस काय?"

तिकडं तो हसला, हसता हसता पुन्हा खोकला, आणि सुनेनं फोन काढून घेतला.

मुलीनं पेन उघडलं आणि माझ्याकडं बघितलं. माझं नाव मी तिला एकेक अक्षर सांगून लिहायला लावलं, आडनावासकट, आणि वाचून बघितलं. वेळ लागला.